पोपटाचा डोळा आणि टर्मिनेटरची बंदूक

टीव्ही गेमच्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. गोळी नाही, छर्रा नाही, लेझरही नाही. 'डक हंट' खेळून मोठ्या झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांना अजून वाटतं, की ट्रिगर दाबला की बंदुकीतून काहीतरी अदृश्य निघतं आणि टीव्हीवरच्या बदकाला जाऊन लागतं. प्रत्यक्षात प्रवास उलटा असतो. प्रकाश टीव्हीतून निघतो आणि बंदुकीत शिरतो. नळीच्या आत प्रकाश टिपणारा एक सेन्सर बसवलेला असतो, बस्स. नाव बंदुकीचं, काम डोळ्याचं.

आता हा डोळा काय पाहतो ते बघा. ट्रिगर दाबताक्षणी गेम अख्खा स्क्रीन एका फ्रेमपुरता काळा करतो. पुढच्या फ्रेमला बदक जिथे असेल तिथे एक पांढरा चौकोन काढतो, बाकी सगळं काळंच. सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. अंधारामागून अंधारच दिसला, तर चुकला. सगळी बदकं हातची गेली, की तो कुत्रा गवतातून वर येऊन आपल्याला हसतो. बदकं दोन असतील तर दोन चौकोन एकामागून एक, वेगवेगळ्या फ्रेमला. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा बदलायचं, त्यामुळे ही सगळी भानगड पापणी लवायच्या आत उरकायची. खेळणाऱ्याला फक्त काहीतरी झपकन चमकल्यासारखं वाटायचं.

द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवून शिष्यांना विचारलेला प्रश्न आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बाकीच्यांना झाड दिसलं, फांदी दिसली, शेजारी उभे असलेले भाऊ आणि गुरुजी दिसले. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसला. गंमत म्हणजे तो पक्षीही खोटाच होता, कारागिरांकडून करवून घेतलेला. लाइट गन म्हणजे या गोष्टीचं इलेक्ट्रॉनिक रूप. झाड गेलं, आकाश गेलं, गुरुजी गेले. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन उरला.

पण अर्जुनाची गोष्ट तिथे संपत नाही. हाच माणूस पुढे कुरुक्षेत्रावर उभा राहतो, तेव्हा त्याला समोरचे सगळेच्या सगळे दिसतात. आजोबा, गुरू, मामा, भाऊ. आणि तो धनुष्य खाली ठेवतो. तो ते पुन्हा उचलतो हे खरं, पण मधे १८ अध्याय जातात.

लाइट गनच्या गेमला पहिला अर्जुन झकास जमतो. दुसरा जमू शकतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी एकच गेम मध्यभागी ठेवतोय. मिडवे या अमेरिकी कंपनीने १९९१ साली काढलेला आर्केड गेम, 'टर्मिनेटर २: जजमेंट डे'. कारण साधं आहे. तो ज्या चित्रपटावरून बनला, त्याची कथाच मुळी बंदूक चालवणाऱ्या यंत्राने हात आखडता घ्यायला शिकण्याची आहे.

शिकागोतला कारखाना

चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असणार. तरी दोन ओळींत. स्कायनेट नावाची संगणकयंत्रणा भविष्यात माणसांवर उलटते. माणसांचा नेता जॉन कॉनर याला लहानपणीच मारण्यासाठी ती टी-१००० हा द्रवधातूचा मारेकरी भूतकाळात पाठवते, आणि माणसं त्याला वाचवण्यासाठी टी-८०० हे जुन्या बनावटीचं यंत्र पाठवतात. पोरगा त्या यंत्राकडून वचन घेतो, की तू कुणाला जिवे मारायचं नाहीस.

जेम्स कॅमेरॉनचा हा चित्रपट ३ जुलै १९९१ रोजी अमेरिकेत लागला. गेमही त्याच वर्षीचा. म्हणजे आधी चित्रपट गाजला आणि मग कुणीतरी हक्क घेऊन गेम उरकला, असा प्रकार नव्हता. दोन्ही कामं बरोबरीने चालली आणि चित्रपटातल्या काही नटांनी गेमसाठीही कॅमेऱ्यासमोर काम केलं. टी-१००० झालेला रॉबर्ट पॅट्रिक गेममध्ये दिसतो तो खराखुरा रॉबर्ट पॅट्रिक आहे, चित्रकाराने पिक्सेल मांडून काढलेला नाही.

हे तंत्र म्हणजे डिजिटायझेशन. नटाला उभं करायचं, एकेक हालचाल व्हिडिओवर घ्यायची, त्यातल्या हव्या त्या फ्रेम संगणकात उचलायच्या, मागची पार्श्वभूमी खरवडून काढायची, रंग मोजक्या संख्येत बसवायचे. पळताना सहा चित्रं, गोळी लागल्यावर चार, पडताना पाच, असा हिशेब करत बसायचं. आज फोनवरचं ॲप एका टॅपमध्ये फोटोमागची पार्श्वभूमी काढून टाकतं. तेव्हा ते हाताचं, किचकट काम होतं. 'क्यूबर्ट' हा १९८२ सालचा गाजलेला गेम लिहिणारे वॉरन डेव्हिस यांचा ही यंत्रणा उभी करण्यात मोठा वाटा होता. 'टर्मिनेटर २'च्या डिझाइनची धुरा जॉर्ज पेट्रो आणि जॅक हेगर यांच्याकडे होती. याच शिकागोच्या कारखान्यातून १९८८ मध्ये 'नार्क' आला होता आणि १९९२ मध्ये याच पद्धतीने केलेला 'मॉर्टल कॉम्बॅट' येणार होता. खरी माणसं पडद्यावर आणून त्यांना मारायला लावण्याची ही परंपरा मधे 'टर्मिनेटर २'वरून गेली, हे विसरता येत नाही.

आता थोडी पंचाईत. मी लाइट गनचा विषय काढून 'टर्मिनेटर २' मांडला, पण त्या मशीनच्या बंदुका मुळी लाइट गन नव्हत्याच. कॅबिनेटला दोन बंदुका खिळवलेल्या असायच्या. त्या डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरायच्या, आणि किती फिरल्या ते आतले पोटेन्शिओमीटर मोजायचे. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच सुटा भाग. थोडक्यात, बंदुकीच्या आकाराची मोठी जॉयस्टिक. १९८७ च्या 'ऑपरेशन वुल्फ'मध्ये टायटो कंपनीने हीच युक्ती वापरली होती. पुढे 'टर्मिनेटर २' घरच्या कन्सोलवर आला, तेव्हा सेगाच्या मेनेसर आणि निन्टेंडोच्या सुपर स्कोप या खऱ्या प्रकाश टिपणाऱ्या बंदुकांवर तो चालायचा. आर्केडमधली खोटी लाइट गन घरी येऊन खरी झाली.

अशी बंदूक का वापरली असेल? मला इंजिनिअर म्हणून उत्तर सरळ दिसतं. खऱ्या लाइट गनला दर गोळीमागे स्क्रीन चमकवावा लागतो. बदकावर एकेक गोळी झाडताना ते चालून जातं. इथे मशीनगन आहे, ट्रिगर दाबून धरायचा आहे, शेजारी दुसरा खेळाडूही तेच करतोय. एवढ्या वेगाने स्क्रीन चमकत राहिला तर दोन मिनिटांत डोकं धरून बसावं लागेल. पोटेन्शिओमीटरला ही अडचण नाही. तो सतत सांगत राहतो, की नळी आत्ता इकडे आहे. गोळ्या कुठे आदळताहेत ते स्क्रीनवर दिसत राहतं, आणि खेळणारा नेम धरत नाही, गोळ्यांचा फवारा हवा तिकडे वळवत नेतो. बागेत पाइपने पाणी घालावं तसा.

फरक तांत्रिक वाटतो, पण तो आशयात उतरतो. 'डक हंट'मध्ये ट्रिगर हा निर्णय असतो. तीन गोळ्या मिळतात, प्रत्येकीला किंमत असते. 'टर्मिनेटर २'मध्ये गोळीबार ही आपली नेहमीची अवस्था असते. निर्णय घ्यावा लागतो तो थांबायचा. आणि इथे या गेमने एक सुरेख गोष्ट केली आहे. ट्रिगर दाबून धरला की बंदुकीची ताकद दाखवणारी पट्टी उतरत जाते आणि गोळ्या मंदावतात. बोट उचललं की पट्टी पुन्हा भरते. सतत झाडणाऱ्याची बंदूक दमते, थांबणाऱ्याची ताजी राहते.

बोट उचलण्याला बक्षीस देणारा बंदुकीचा गेम! दुसऱ्या अर्जुनाची चाहूल लागावी असा हा नियम आहे. पण त्यामागे दया नाही, बंदूक गार व्हायला दिलेला वेळ आहे. पुन्हा चांगलं झाडता यावं म्हणून थांबायचं.

भविष्य सोयीचं असतं

चित्रपटात २०२९ सालचं युद्ध सुरुवातीला काही मिनिटं दिसतं. कवट्यांवरून जाणारे रणगाडे, आकाशात यंत्रं, धातूचे सांगाडे. मग कथा वर्तमानात येते आणि तिथेच राहते. गेममध्ये हे प्रमाण उलटं झालंय. अर्ध्याहून जास्त गेम त्या भविष्यातल्या युद्धात घडतो. तुम्ही टी-८०० आहात, माणसांनी पकडून नव्याने प्रोग्रॅम केलेला, आणि रणांगणातून लढत स्कायनेटच्या मुख्यालयात शिरून त्याचा सीपीयू फोडायचा आहे. त्यानंतर तुम्हाला भूतकाळात पाठवलं जातं.

हा बदल का केला ते उघड आहे. भविष्यात मारायला यंत्रं आहेत आणि यंत्रं मारायला कुणाची ना नाही. बंदुकीच्या गेमला नेहमीच असा शत्रू हवा असतो, ज्याच्यावर झाडताना हात अडखळणार नाही. विज्ञानकथा असा शत्रू होलसेल भावात पुरवते. टायटोच्या 'स्पेस गन'ने १९९० मध्ये परग्रहवासी आणले, सेगाच्या 'एलियन ३: द गन'ने १९९३ मध्ये तेच केलं. बंदुकीचे गेम इतक्या वेळा विज्ञानकथेकडे का वळतात, याचं खरं उत्तर मला तरी हेच दिसतं. भविष्याबद्दल त्यांना काही म्हणायचं असतं असं नाही. त्यांना अपराधीपणा न देणारं लक्ष्य हवं असतं.

मराठी विज्ञानकथा वाचत आलेल्या माणसाला हे जरा खटकतं. आपल्याकडे जयंत नारळीकरांपासून जी वाट पडली, तिच्यात संकट आलं की पात्रं आधी विचार करतात, मोजतात, वाद घालतात. बंदुकीपर्यंत प्रकरण क्वचितच जातं. नारळीकरांच्या कथेवरून आर्केड मशीन बनवायचं म्हटलं, तर त्याला फळा आणि खडू लावावा लागेल.

पण 'टर्मिनेटर २'ची अडचण अशी, की त्याचा मूळ चित्रपटही हात राखून वागणारा आहे. सायबरडाइन कंपनीच्या इमारतीतला प्रसंग आठवा. खाली पोलिसांचा वेढा. टी-८०० खिडकीत उभा राहून भलीमोठी मशीनगन चालवतो, गाड्यांच्या चिंध्या होतात, आणि त्याच्या लाल नजरेच्या कोपऱ्यात आकडा उमटतो, मनुष्यहानी शून्य. इतक्या गोळ्या, आणि त्यातली प्रत्येक माणसाला चुकवून मारलेली. चित्रपटातला नेमबाजीचा सर्वोच्च क्षण हा सगळे नेम हेतुपुरस्सर चुकवण्याचा आहे.

हे गेममध्ये कसं आणणार? नेम लागणं म्हणजे गुण आणि नेम चुकणं म्हणजे वाया गेलेली गोळी, हे या खेळाचं मूळ व्याकरण. त्यात 'मुद्दाम चुकवलेला नेम' या क्रियापदाला रूपच नाही. गेमने तोडगा काढला तो असा, की सायबरडाइनच्या टप्प्यात मुख्य काम सामान फोडण्याचं ठेवलं. प्रयोगशाळा, संगणक, संशोधन उद्ध्वस्त करायचं. तोडगा वाईट नाही. वस्तू फोडण्याचा आनंद भरपूर मिळतो. पण चित्रपटात त्या प्रसंगाला ताण कुठून येत होता? मारता येत असून न मारण्यातून. गेममध्ये ताण उरला नाही, फक्त तोडफोड उरली.

गोळीने न मरणारा

एका जागी मात्र हा गेम स्वतःच्या व्याकरणाच्या पुढे जातो, आणि माझ्या मते तिथेच तो अजून खेळण्यासारखा आहे. ती जागा म्हणजे टी-१०००.

बंदुकीच्या गेममध्ये शत्रूला गोळी लागते आणि तो नाहीसा होतो. हा एवढा पक्का करार असतो, की आपण तो केलाय हेही आठवत नाही. टी-१००० हा करार मोडतो. गोळी लागते, अंगाला भोक पडतं, भोक बुजतं, तो चालत राहतो. हेलिकॉप्टरमधून पाठलाग करतो, द्रव नायट्रोजनच्या टँकरमधून करतो. गोठवून तुकडे केले तरी वितळून पुन्हा उभा राहतो. शेवटी पोलादाच्या कारखान्यात तो जॉनच्या दिशेने येत असतो आणि तुम्ही त्याच्यावर झाडत राहता. इथे गोळीचा अर्थ बदलतो. ती मारत नाही, मागे ढकलते. एकेक पाऊल मागे रेटत त्याला वितळलेल्या पोलादाच्या हौदात पाडायचं. बोट थांबलं की तो पुढे सरकतो.

असाच अर्थबदल जॉनची गाडी वाचवायच्या टप्प्यात आहे. आकाशातून यंत्रं गाडीवर तुटून पडतात आणि तुमची बंदूक स्वतःच्या जिवासाठी न चालता दुसऱ्याच्या जिवासाठी चालते. मला हा टप्पा अख्ख्या गेममध्ये सगळ्यात अवघड जातो. नजर शत्रूवर ठेवावी की गाडीवर, हे ठरत नाही. पोपटाचा डोळा पाहत बसलो तर ज्याला वाचवायचं तोच दिसेनासा होतो.

मला वाटतं पेट्रो आणि हेगर यांना आपल्या खेळाची मर्यादा कळत होती. संरक्षण आणि प्रतिकार या दोन गोष्टी बंदुकीने सांगता येतात, तिथवर ते गेले. त्यापुढे चित्रपट जातो. चित्रपटाच्या शेवटी टी-१००० संपल्यावर टी-८०० सांगतो, की माझ्या डोक्यातली चिपही नष्ट व्हायला हवी, आणि स्वतःला त्याच हौदात उतरवून घेतो. शेवटचं यंत्र तोच असतो. खेळाडूचं शेवटचं काम मात्र टी-१००० ला पाडण्याशी संपतं. त्यापुढचं दाखवता येतं, खेळता येत नाही. ज्याच्या हातात बंदूक आहे त्यालाच लक्ष्य कसं करणार? नळी उलटी फिरत नाही. कॅबिनेटला खिळवलेली आहे.

ऐरोलीचा टोल

हा गेम मी कॅबिनेटसमोर उभं राहून खेळलेलो नाही. एम्युलेटरवर, माउसने खेळलोय. पोटेन्शिओमीटरचीच बंदूक असल्यामुळे माउस तिची जागा सहज घेतो, नाहीतर आजच्या एलसीडी स्क्रीनवर जुन्या लाइट गनचा खेळ बसवणं हा वेगळाच वैताग आहे. त्यातल्या बऱ्याच बंदुका जुन्या टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत नेमका कोणत्या क्षणी सेन्सरसमोरून गेला, त्यावरून जागा काढायच्या. आपल्या टीव्हीत तो झोत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत काढायचा. झोत गेला आणि त्याच्याबरोबर बंदुकीचा डोळाही गेला.

एम्युलेटरवर आणखी एक गोष्ट बदलते. नाणं टाकायला एक बटण असतं आणि ते कितीही वेळा दाबा, फुकट. अमेरिकेत तेव्हा या मशीनमध्ये २५ सेंटची नाणी पडायची. खेळाडू मेला की 'पुढे खेळायचं का' म्हणून उलटी मोजणी सुरू, आणि माणूस खिसे चाचपणार. गेमची काठिण्यपातळी मशीनच्या मालकाला मेन्यूतून कमी-जास्त करता यायची. म्हणजे अवघडपणा हा कलेचा भाग होता तसाच धंद्याचाही.

नाणी फुकट झाल्यावर हे दोन भाग वेगळे दिसायला लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐरोली नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्या रांगेतला किती वेळ रस्त्याचा होता आणि किती टोलचा. गेमचंही तसंच. काही जागा नाण्याशिवायही अवघड आणि रंगतदार राहतात. टी-१००० ची झटापट तशी आहे. काही जागा मात्र नुसता टोलनाका निघतात. चारी बाजूंनी इतका मारा, की कौशल्य कितीही असो, मरायचंच. भविष्यातल्या रणांगणाचे बरेच पट्टे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. गेमने युद्ध लांबवलं त्यामागे निष्पाप लक्ष्याची सोय होती, तशी गल्ल्याचीही असणार.

फोनवरचे गेम खेळणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. फक्त आताचा गल्ला नाण्याऐवजी मिनिटं मोजतो.

न झाडलेली गोळी

मग दुसरा अर्जुन या प्रकारात कधीच आला नाही का? आला, पण दबकत. निन्टेंडोच्या 'होगन्स ॲली'त १९८४ मध्ये गुंडांच्या पुठ्ठ्यांमध्ये साध्या माणसांचे पुठ्ठे मिसळलेले असायचे. १९९४ च्या 'व्हर्च्युआ कॉप'मध्ये ओलीस हात वर करून मधेच यायचे. 'एरिया ५१' हा अटारी गेम्सचा १९९५ चा आर्केड गेम, खऱ्या लाइट गनचा. त्यात हार्ड डिस्कवरून आधीच बनवलेला व्हिडिओ मागे चालायचा आणि पुढून परग्रहवासी यायचे. त्याच गर्दीत तुमच्याच पथकातला एखादा सैनिक डोकं वर काढायचा. त्याला गोळी लागली की तुमचा एक जीव वजा.

या क्षणाला खेळणाऱ्याच्या शरीरात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. बोट अर्धं दाबलेलं असतं आणि जागच्या जागी थिजतं. बंदुकीच्या गेममध्ये माणूस दिसतो तो तेवढाच वेळ. पण तिथेही समोरचा दिसतो तो 'मारू नये' या खुणेपुरता. त्याला चेहरा नाही, तो दंडाची पाटी आहे. ओलीस आणि 'नो पार्किंग'चा बोर्ड यांच्यात गेमच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

पेट्रो पुन्हा टर्मिनेटरकडे आले ते २०१० मध्ये. त्यांची प्ले मेकॅनिक्स ही कंपनी तोवर रॉ थ्रिल्सबरोबर काम करत होती आणि त्यांनी 'टर्मिनेटर सॅल्व्हेशन' हा आर्केड गेम काढला. नवी मुंबईतल्या एका मॉलच्या गेम झोनमध्ये मी तो कार्ड स्वाइप करून खेळलोय. बंदूक हातात घट्ट बसते, चित्रं झकास, सांगाडे ढिगाने येतात. पण इथे सगळाच खेळ भविष्यातल्या युद्धाचा आहे. पोरगा नाही, वचन नाही, आकडा शून्यावर ठेवायची अट नाही. १९९१ च्या गेमला जो प्रश्न अडचणीचा वाटला होता, तो या गेमने घेतलाच नाही. खेळायला नवा गेम जास्त गुळगुळीत आहे. तरी माझी पसंती जुन्यालाच. जुना निदान अडखळतो.

चौकोन

हे सगळं रबाळ्यात बसून लिहितोय, म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला एमआयडीसीत जिथे एकेकाळी कारखान्यांची धुराडी होती, तिथे आता डेटा सेंटरं उभी आहेत. खिडक्या नसलेल्या उंच इमारती, मागे डिझेल जनरेटरांची रांग, छतावर रात्रंदिवस घुमणारे कूलिंगचे पंखे. स्कायनेटला शरीर असतंच तर ते असं दिसलं असतं. गेममधला स्कायनेट मात्र खेळाडूच्या सोयीचा आहे. त्याला एक मुख्यालय आहे, मुख्यालयात एक सीपीयू आहे, तो समोर येतो आणि फुटतो. बंदुकीच्या गेमला दुष्ट गोष्ट समोर उभी असावी लागते. जी गोष्ट हजार सर्व्हरांवर पसरलेली आहे, एक बंद पडला तर दुसऱ्यावर चालते, तिच्यावर नेम कुठे धरायचा?

माझं रोजचं काम कॅमेऱ्याच्या चित्रात वस्तू आणि माणसं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. असं सॉफ्टवेअर चित्र घेतं आणि त्यात जिथे माणूस असेल तिथे एक चौकोन काढतं. चौकोनाच्या आतलं ते लक्ष्य, बाहेरचं ते पार्श्वभूमी. चाचणीच्या तक्त्यात लागलेले आणि चुकलेले चौकोन मोजले जातात. 'डक हंट'ची काळी फ्रेम पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा मला त्यातलं काहीच अनोळखी वाटलं नाही. सगळं जग क्षणभर काळं करून एक पांढरा चौकोन ठेवायचा आणि विचारायचं, आहे की नाही? एवढ्या एका प्रश्नावर एक अख्खा उद्योग उभा आहे. गेटवरच्या हजेरीपासून ते ड्रोनपर्यंत.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीने 'रे-ओ-लाइट' नावाचा बदकं मारायचा खेळ काढला होता. त्यात बंदूक प्रकाश सोडायची आणि प्रकाश टिपणारा सेन्सर बदकात होता. म्हणजे सुरुवातीला पाहायचं ते बदकच. टीव्ही आल्यावर उलटापालट झाली, डोळा बदकाकडून बंदुकीकडे गेला. तो अजून तिथेच आहे. फक्त आता ट्रिगर दाबायची वाट न पाहता उघडा राहतो.

म्हणून 'टर्मिनेटर २'चं ते अडखळणं मला महत्त्वाचं वाटतं. कुणालाही न मारणाऱ्या नेमबाजाची गोष्ट त्यांना नेम मोजणाऱ्या यंत्रात बसवायची होती. ती पूर्ण बसली नाही. सामान फोडून, गाडी वाचवून, न मरणाऱ्याला मागे रेटून त्यांनी जमेल तेवढी बसवली. जे बसलं नाही ते पाहिलं, की अशा यंत्राला काय मोजता येत नाही ते कळतं. त्याला लागलेला नेम कळतो, चुकलेला नेमही कळतो. झाडता येत असून कुणी थांबलं, तर त्याची नोंद करायला त्याच्याकडे रकाना नाही. आमच्या तक्त्यांतही अजून तो नाही. तो कसा काढायचा, ही माझ्यासारख्यांची पुढची काही वर्षांची डोकेदुखी असायला हवी.